उभ्याउभ्या प्यायलेला चहा

प्रश्न थोडक्यात असा: "वय ४७. नाशिकला सिडकोत राहतो. मी पतसंस्थेत कामाला आहे, मिस्टरांची अंबडच्या कंपनीत शिफ्ट असते. मुलगी गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेली. सासूबाई आमच्याजवळ असतात, त्यांची तब्येत बरी आहे. घरात भांडण नाही, कशाची ददात नाही. तरी कशात जीव रमत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत दिवस कसा जातो ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. सगळे म्हणतात, एखादा छंद लावून घे, चार दिवस फिरून ये. वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर हौसही उरली नाही. रोजच्या दिवसात काही बदलता येईल का?"

ताई, "आठवतही नाही" असं तुम्ही लिहिलंय, तिथे मी थांबले. नाशकात २८ वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवते आहे. बीपी बघून होतं, गोळ्या लिहून दिलेल्या असतात, पेशंट उठतो आणि पिशवी उचलता उचलता म्हणतो, "तसं काही नाही डॉक्टर, पण हल्ली कशात मन लागत नाही." पंचेचाळिशी ते पंचावन्नच्या माणसांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता त्या 'पण'साठी मी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवते. तुम्हालाही बसवते आहे. उत्तर लांबेल.

आधी शरीर. मनाचं म्हणून सांगितलेलं दुखणं पुष्कळदा रक्ताच्या रिपोर्टात सापडतं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, युरोप-अमेरिकेतल्या बायकांपेक्षा चारेक वर्षं आधी. थांबण्यापूर्वीची काही वर्षं ती लहरी होते. कधी दोन महिने येत नाही, कधी आठ-आठ दिवस अंगावर जातं. मग हिमोग्लोबिन उतरतं. ते १२ च्या खाली गेलं की बाईच्या अंगात रक्त कमी आहे असं आम्ही म्हणतो, आणि मी तर ८ हिमोग्लोबिनवर नोकरी, स्वयंपाक आणि गौरी-गणपती उरकणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. त्यांना वाटत होतं, आपण आळशी झालो. म्हणून येत्या आठवड्यात हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ अजिबात टाळू नका. रात्री घामाने जाग येत असेल, एकदम अंगातून वाफा निघाल्यासारखं होत असेल, तर तेही अंगावर काढायचं कारण नाही, त्यावर उपचार आहेत. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

आता दोन प्रश्न, यांची उत्तरं स्वतःशी खरी द्या. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस उदास, हताश वाटतंय का? आणि ज्यात पूर्वी गोडी होती, त्यात गेले दोन आठवडे बहुतेक दिवस गोडी वाटत नाही का? एकालाही 'हो' असेल तर तुमच्या डॉक्टरांसमोर बसून हे बोला. तुमच्या पत्रावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला 'हो'कडे झुकलेलं दिसतं, म्हणून ही भेट टाळू नका. नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो. जिवाचं काही करून घ्यावं असा विचार मनात डोकावला तर एक दिवसही थांबायचं नाही. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी पुढे जे सांगणार आहे ते उपचारांच्या सोबतीला आहे, त्यांच्या जागी नाही.

आणि डोळे. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, म्हणून तर आपण वाचायच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो. माझ्याकडे पन्नाशीच्या एक बाई येत. कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या. "आता त्यातही रस राहिला नाही" म्हणाल्या. मी औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचायला दिली, तर त्यांनी पट्टी हातभर लांब धरली. दोन वर्षं त्या अक्षरांशी झगडत होत्या, सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारत होत्या, आणि समजूत अशी झाली होती की आपलं मनच उडालं. चष्मा लागल्यावर दोन महिन्यांत सावानाची वर्गणी भरून आल्या. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: सावाना म्हणजे आमचं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं.) तेव्हापासून जीव रमत नाही असं कुणी म्हणालं की मी डोळ्यांचं विचारते. तुम्हीही एकदा तपासून घ्या.

एक गोष्ट धीर यावा म्हणून सांगते. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर या अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये १३२ देशांतल्या लोकांच्या समाधानाचे आकडे वयाप्रमाणे मांडले, तेव्हा सगळ्यांत खालचा टप्पा ४७-४८ च्या आसपास आला. त्यानंतर रेघ पुन्हा वर चढते. आकडे सरासरीचे असतात, तुमचं आयुष्य त्यावर ठरत नाही. पण या वयात हे वाटणं तुमच्या एकटीचं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता तुमच्या दिवसाकडे येते. मला जे सांगायचंय ते एकच आहे: तुमची छोटी सुखं घरातच आहेत, पण ती सगळी तुम्ही उभ्याउभ्या उरकता.

पेशंटला मी विचारते, आज सकाळचा चहा कुठे बसून प्यायलात? बहुतेकींना सांगता येत नाही. कारण बसलेल्याच नसतात. कप ओट्यावर, एका हातात डब्याचं झाकण, पहिला घोट गरम आणि उरलेला चहा कुकरच्या तिसऱ्या शिट्टीनंतर गार. पूजा चालू असताना दुधाकडे लक्ष. पोळ्या लाटताना स्पीकरवर मुलीचा फोन. जेवताना समोर मोबाइल. आपलं लक्ष दोन ठिकाणी वाटलेलं असलं की मेंदू घडलेल्या गोष्टीची नीट नोंद करत नाही. तुमचा दिवस आठवत नाही याचं हे साधं कारण असू शकतं. चहा प्यायला गेला, पण तो प्यायल्याचं तुमच्याजवळ काही राहिलं नाही.

तर पहिला बदल एवढाच करा. दिवसातला एक कप चहा बसून, गरम असताना, दुसरं काहीही न करता प्यायचा. दहा मिनिटं. फोन आत. जागा ठरलेली हवी: गॅलरीतली खुर्ची, जिन्याची पायरी, तुळशीजवळचा पाट, कुठलीही, पण रोज तीच. कप तुमचा स्वतःचा असावा. चार गवती चहाची पानं टाकलीत तर दारात एक कुंडीही येईल. आणि हा चहा "सगळं आवरलं की" असा ठेवू नका. सगळं कधीच आवरत नसतं.

मिस्टरांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे ठरावीक वेळ जमणार नाही असं तुम्ही म्हणाल. मग घड्याळाला बांधूच नका, डब्याला बांधा. डबा दाराबाहेर गेला की तुमचा चहा. रात्रपाळी असेल तर ते घरी येऊन झोपले की. रोज घडणाऱ्या एका गोष्टीच्या शेपटाला दुसरी बांधली की ती टिकते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना अशीच एकेक नवी सवय लावून पाहिली होती. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला तर बिघडलं काही नाही. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या बायका एक दिवस नेम मोडला की नेमच सोडून देतात.

सासूबाईंना सरळ सांगा, "आई, दहा मिनिटं मी गॅलरीत आहे." माझा अनुभव असा आहे की घरातल्यांची हरकत क्वचितच असते. अडवणारा आवाज बहुतेक वेळा आपलाच असतो: कामं पडलीत आणि ही बसलीये. त्या आवाजाला काही आठवडे सहन करावं लागेल.

चहाचाच विषय आहे तर डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह अंगात कमी शोषलं जातं, म्हणून मध्ये तासाभराचं अंतर ठेवा, हिमोग्लोबिन कमी निघालं तर नक्कीच. आणि चहातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं. कामावरून आल्यावर सहा वाजताचा कडक चहा रात्री अकरालाही थोडासा जागाच असतो. झोप तुटत असेल तर दिवसाचा शेवटचा चहा चारच्या आत घ्या.

चालण्याबद्दल तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं असेल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं म्हणते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काहीतरी. पण कृषीनगरच्या ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे जाणं तुम्हाला सिडकोतून रोज जमणार नाही, आणि जमत नाही याचा अपराधीपणा मी तुमच्यावर लादणार नाही. रात्रीची शतपावली करा. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालल्याने साखर एकदम चढत नाही, हे आता नीट सिद्ध झालेलं आहे, आणि मिस्टर पहिल्या पाळीला असतील त्या आठवड्यात त्यांनाही सोबत घ्या. नळ, लाइट बिल, हप्ता हे विषय त्या पंधरा मिनिटांत काढायचे नाहीत. ताकदीसाठी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून दोनदा. गुडघे दुखत असतील तर आधी दाखवून घ्या.

रविवारी मात्र पांडवलेणी. तुमच्याकडून लांबही नाहीत. पायऱ्या चढताना दम लागतो, तो लागावाच. वर तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं. मुलगा गेलेला, नातू गादीवर, आणि म्हातारपणी या बाईने डोंगरात एवढं काम करवून घेतलं. मी दर खेपेला तिथे उभी राहते. अक्षरं वाचता येत नाहीत, तरी दगडावरून हात फिरवावासा वाटतो. फिरवायचा नसतो, जपायला हवं. खाली उतरल्यावर मिसळ खायची असेल तर खुशाल खा, पापड-दह्यासकट.

मिसळीवरून पुढचा मुद्दा. सुखाला खंड लागतो. रोज मिळणाऱ्या गोष्टीची चव जाते, यात तुमचा दोष काही नाही, माणसाचा मेंदूच असा आहे. जॉर्डी क्वॉइडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना आठवडाभर चॉकलेट पूर्ण बंद, काहींना हवं तेवढं, काहींना नेहमीसारखं. आठवड्यानंतर सगळ्यांना पुन्हा चॉकलेट दिलं, तेव्हा बंद ठेवलेल्यांना ते सर्वांत जास्त आवडलं. वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. कांदेनवमीला आमच्याकडे कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांद्याचं पिठलं, सगळं एका दिवसात व्हायचं. मग चातुर्मासाचे चार महिने कांदा-वांगं बंद. आणि चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा आला की आम्ही मुलं ताटाभोवती घिरट्या घालायचो. तेच वांगं, पण त्या दिवशीच्या भरिताला जो वास असे तो पुढे मला कधी आला नाही. आजीने तो नेम देवासाठी धरला होता. तिच्या श्रद्धेला मी प्रयोगाच्या चिमट्यात धरणार नाही. पण नेमाने तिला चंपाषष्ठी मिळत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुम्ही उपास करा असं मी म्हणत नाही, या वयात आणि रक्त कमी असण्याची शक्यता असताना तर नाहीच. एक आवडती गोष्ट निवडा आणि तिला वार द्या. गजरा शुक्रवारीच. भजी पहिल्या मोठ्या पावसाला. मॉलमध्ये कधीही मिळणारी द्राक्षं कधीही घेऊ नका. फेब्रुवारीत आपल्याकडच्या बागांचा माल गाड्यांवर आला की घ्या, आणि घरी आणून बसून खा, एकेक मणी.

माझा वार बुधवार आहे. पंचेचाळिशीत माझीही हीच गत झाली होती. सकाळची ओपीडी, दुपारी घर, संध्याकाळची ओपीडी. एका रात्री दुपारी काय जेवले ते आठवेना. तेव्हापासून बुधवारी दुपारी मी गंगेवरच्या बाजाराला जाते. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) भाजी कोपऱ्यावरही मिळते, घरपोचही येते. पण घाटावर मखमलाबाद, दिंडोरीकडच्या बायका पाटी घेऊन बसलेल्या असतात, कोथिंबिरीची जुडी हातात घेतली तर मुळांची माती ओली असते. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडच्या रानभाज्या येतात. करटुली मी तिथेच ओळखायला शिकले, टाकळा कसा निवडायचा ते विकणाऱ्या मावशींनीच दाखवलं. दर खेपेला एक तरी अशी भाजी घ्यायची जी घरात नेहमी होत नाही, असा माझा नियम आहे. आणि धरणातून पाणी सोडलेलं असेल, तर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलंय ते बघायला सगळं गाव पुलावर उभं असतं, त्यात मीही. शेजारचा अनोळखी माणूस म्हणतो, "कमरेपर्यंत आलं बघा," आपण म्हणतो, "कालपासून चढतंय." बस, एवढंच बोलणं होतं. घरी येताना माझं डोकं हलकं असतं.

बुधवारी तुम्हाला सुट्टी नसेल. तुमचा वार आणि तुमची जागा तुम्ही शोधा. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, संध्याकाळी वाळ्याचं पाणी घेऊन जाऊन बसता येतं. थंडीत एक रविवार नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला जा. जानेवारी २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) जाहीर झाला, महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर क्षेत्र. यांतलं काहीही नाही जमलं तरी चहा मात्र सोडू नका.

मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण मला वाटतं मोठा खड्डा तिथे आहे. अठरा वर्षं तुमच्या दिवसाचा आकार तिच्या शाळेने, क्लासने, परीक्षेने ठरवला. ती गेली आणि आकार गेला, कामं मात्र तेवढीच राहिली. पोळ्यांची कणीक अजून तिच्या अंदाजाने भिजते ना? रोज पाच वेळा "जेवलीस का" विचारण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, बसून तिच्याशी बोला. तिच्या होस्टेलच्या खिडकीतून काय दिसतं ते विचारा. तुमच्या दिवसातलं काही सांगा. आईचा दिवस कसा गेला हे मुलींना ऐकायला आवडतं. आपण सांगत नाही.

वेळ कुठून काढायचा? रात्री भाजी-पोळी-वरण-भात सगळं हवंच हा नियम आठवड्यातून दोन दिवस मोडा. मुगाची खिचडी, ताक, भाजलेला पापड, जेवण पूर्ण होतं. मिस्टर पहिल्या पाळीला असतील त्या आठवड्यात रात्रीचा ओटा त्यांचा. हे मदत म्हणून मागू नका, वाटणी म्हणून सांगा. मी हे पुरुष पेशंटनाही तोंडावर सांगते, आणि बहुतेक जण करतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. छंदाचा क्लास आत्ता लावू नका. फी भरून न जाण्याचं आणखी एक ओझं होईल. अंगात रक्त आणि झोप भरली की हौस आपोआप हात हलवायला लागते, तेव्हा बघू.

शेवटी "आठवत नाही" यावर एक उपाय. स्वयंपाकघरात कॅलेंडर असेलच, तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, पाळीची खूण. त्याच चौकोनात रात्री दिवे मालवण्यापूर्वी त्या दिवसातली एक गोष्ट तीन-चार शब्दांत लिहा. "करटुली मिळाली." "चहा गरम प्यायले." "सासूबाई हसल्या." काही नाही सुचलं तर "पाऊस" लिहा, नाहीतर जागा कोरी राहू द्या. पाळीची खूणही न चुकता करा, ती मला लागणार आहे.

महिन्याने रिपोर्ट पाठवाल तेव्हा त्या पानाचाही फोटो जोडा. मी दोन्ही वाचेन.